जनसुनावणी : मे महिन्यातला अहवाल आणि जुलैतला सडा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या शेजारी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची एक चौकट अधूनमधून छापून येते. अमुक गावच्या हद्दीत खाण, बंदर किंवा रासायनिक कारखाना प्रस्तावित आहे. त्याची पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी अमुक तारखेला होईल. नागरिकांनी सूचना आणि हरकती कळवाव्यात. दोन दिवसांत त्या चौकटीचा फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतो, मुंबईकर चाकरमान्यांचे फोन सुरू होतात आणि वाडीत दोन तट पडतात. या गडबडीत काही साधे प्रश्न तसेच राहून जातात. जनसुनावणी म्हणजे नेमकं काय? तिथे हात वर करून मत द्यायचं असतं का? आपण सगळ्यांनी 'नको' म्हटलं तर प्रकल्प थांबतो का? आणि त्या शेकडो पानांच्या अहवालात आपल्या गावाबद्दल लिहिलंय तरी काय?

मला यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण नियमांची रचनाच अशी आहे की अहवालातून कोकणचा पावसाळा सहज निसटतो. तो परत कागदावर आणायचा तर गावकऱ्यांच्या हाती असलेली सगळ्यात मोठी संधी म्हणजे ही जनसुनावणी.

पर्यावरण मंजुरी आली कुठून

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायूने हजारो माणसं मारली. त्यानंतर १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) कायदा झाला. त्या कायद्याखाली १९९४ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली की ठरावीक प्रकारचे मोठे प्रकल्प उभारण्याआधी त्यांचा परिसरावर काय परिणाम होईल याचा अभ्यास करावा आणि सरकारकडून पर्यावरण मंजुरी घ्यावी. १९९७ मध्ये त्यात जनसुनावणीची भर पडली. सध्या लागू आहे ती १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना. तिच्यात नंतर अनेक दुरुस्त्या झाल्या, पण सांगाडा तोच आहे.

परिणामांच्या या अभ्यासाला पर्यावरणीय आघात मूल्यांकन म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'ईआयए' हे नाव पडलं आहे. पुढे मी नुसतं 'अहवाल' म्हणेन.

प्रकल्पांचे दोन गट आहेत. 'अ' गटातल्यांना दिल्लीहून केंद्रीय मंत्रालय मंजुरी देतं. तेलशुद्धीकरण आणि अणुऊर्जा प्रकल्प यात येतात. 'ब' गटाचं काम राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे असतं. दोन्हीकडे निर्णयाआधी तज्ज्ञांची समिती कागदपत्रं तपासून शिफारस करते.

अहवाल कोण लिहितं, काय बघून लिहितं

आधी कंपनी अर्ज करते. मग तज्ज्ञ समिती ठरवते की या प्रकल्पाच्या अभ्यासात काय काय बघायचं. या यादीला कार्यकक्षा म्हणतात. कार्यकक्षेत जे आहे ते अहवालात येतं. जे नाही ते बहुधा येत नाही. म्हणून हा टप्पा फार मोलाचा, पण गावाला त्याचा पत्ताच नसतो. कार्यकक्षेचं पत्र केंद्राच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर चढवलं जातं, आणि गावात मात्र पहिली कुणकुण महिन्यांनी, त्या जाहिरातीच्या चौकटीतून लागते.

अभ्यास करणारी सल्लागार संस्था मान्यताप्राप्त असावी लागते, पण तिची नेमणूक कंपनी करते आणि तिचे पैसेही कंपनीच देते. या व्यवस्थेवर टीका होते आणि ती रास्त आहे. तरी सगळे सल्लागार खोटं लिहितात असं म्हणून चालणार नाही. कोकणाच्या बाबतीत तर अगदी प्रामाणिक माणसाने नियमाप्रमाणे काम केलं तरी मोठी चूक होऊ शकते. ती कशी, ते नीट पाहू.

अहवालाचा पाया म्हणजे सद्यस्थितीची नोंद. प्रकल्पाभोवती साधारण दहा किलोमीटरच्या परिघात आज हवा कशी आहे, पाणी कसं आहे, झाडं कुठली, प्राणी कुठले, माती कशी. उद्या काय बिघडेल हे सांगायचं तर आज काय आहे ते आधी कागदावर हवं. खाणींसाठी मंत्रालयाची जी प्रमाणित कार्यकक्षा आहे तिच्यात हवा, पाणी, आवाज, माती, वनस्पती आणि प्राणी या सगळ्यांची नोंद एका ऋतूत करा असं सांगितलं आहे. तो ऋतू पावसाळा सोडून कुठलाही: मार्च ते मे, ऑक्टोबर ते डिसेंबर किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी.

हवेच्या मोजणीपुरतं बोलायचं तर यामागे तर्क आहे. पावसात धूळ बसते आणि हवा स्वच्छ भासते, म्हणून कोरड्या दिवसांत मोजलेलं बरं. पण तोच नियम फुलांना, बेडकांना आणि झऱ्यांना लावला की कोकणात काय होतं?

कौलारू घर विकत घ्यायचं आहे, आणि पाहणीला आलेल्या माणसाने मे महिन्यात आढ्याखाली उभं राहून 'छप्पर गळत नाही' असं लिहून दिलं, तर तुम्ही त्यावर सही कराल का? माणूस खोटं बोललेला नाही. त्याला गळताना दिसलं नाही, कारण त्या दिवशी पाऊस नव्हता.

सड्यावर आहे काय?

घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात खाडीवरून वर चढलं की असे सडे लागतात. मार्चपासून मेपर्यंत तिथे काळपट लाल कातळ, वाळकं गवत आणि डोकं तापवणारं ऊन असतं. सातबारावर अशा जमिनीचा बराचसा भाग पोटखराबा म्हणून लागलेला असतो, म्हणजे लागवडीला अयोग्य, सारा न बसणारा. नकाशे बनवणारे तिला पडीक म्हणतात. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला किंवा गुंतवणूकदाराला ती रिकामी वाटते, आणि माणसांना न उठवता मिळणारी मोठी सपाट जागा म्हणून प्रकल्पाचं बोट नकाशावर बरोबर तिथेच टेकतं.

या जमिनीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पहिल्या सरींनंतर दहा-पंधरा दिवसांत सडा ओळखू येत नाही. कातळाच्या खळग्यांत पाणी साचतं, चिमूटभर मातीत शेकडो जातींची रोपं उगवतात. दिपकाडीची पांढरी फुलं येतात. ही वनस्पती कोकणच्या सड्यांवरच सापडते, जगात दुसरीकडे नाही. नंतर गेंद, सीतेची आसवं, चिकट पानांनी किडे धरणारी दवबिंदू. यातली कित्येक रोपं पावसाबरोबर येतात, फुलतात, बी टाकतात आणि ऑक्टोबरची उन्हं तापली की नाहीशी होतात. मे महिन्यात येणाऱ्या वनस्पतितज्ज्ञाने कितीही डोळे ताणले तरी त्याला ती दिसणार नाहीत, कारण ती तेव्हा बी किंवा कंद होऊन कातळाच्या फटीत पडलेली असतात.

गावाचा सड्याशी संबंध फुलांपुरता नाही. पावसाळ्यात गुरं वर चरतात. टाकळा, फोडशी, अळंबी वरूनच येते. मातीच्या पट्ट्यांत नाचणी आणि वरी पिकते. पहिल्या पावसाच्या लोंढ्यात पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, उलटे वर जाणारे चढणीचे मासे कोकणात कुणाला ठाऊक नाहीत? ते अंडी घालायला वर जातात. हे सगळं जून-जुलैतलं.

आणि पाणी. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस थोडा वाहून जातो, थोडा आत झिरपतो, खाली चिकणमातीचा थर लागला की आडवा सरकतो आणि उताराला झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. वाडीतल्या विहिरी, सुपारीच्या बागा, देवळाजवळचं बारमाही पाणी, या सगळ्याचा मालक बहुधा वरचा सडा असतो. सडा खोदला, सपाट केला किंवा त्यावर काँक्रीट ओतलं तर खालच्या वाडीला ते लगेच कळत नाही. दोन-चार वर्षांनी विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते, आणि तोवर प्रकल्पाशी तिचा संबंध सिद्ध करणं अवघड होऊन बसतं, कारण आधी पाणी किती होतं याची नोंदच नाही.

राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर तर माणसाने दगडात कोरलेली कातळशिल्पं आहेत, आणि कोकणातल्या कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी आधी नाणारचा आणि मग बारसूचा विचार झाला, तेव्हा या ओसाड म्हटल्या जाणाऱ्या दगडाकडे पहिल्यांदा साऱ्या महाराष्ट्राचं लक्ष गेलं.

पावसाळा वगळल्याने फक्त जीव निसटतात असंही नाही. धोकेही निसटतात. जुलै २०२१ आठवा. चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडालं, महाडला सावित्रीने वेढलं, तळियेवर दरड कोसळली. त्याच महिन्यात दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे इथे लोहखनिजाच्या खाणीचा मातीचा भाग खचला आणि चिखलाचा लोंढा खालच्या वस्तीत आणि बागायतीत घुसला. खाणीची खरी परीक्षा ज्या दिवसांत होते, ते हे दिवस.

समुद्रालाही हेच लागू आहे. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, कारण तो अनेक माशांचा अंडी घालण्याचा काळ. बंदरासाठी किंवा पाइपलाइनसाठी खाडीचा अभ्यास करायचा आणि नेमके ते दिवस गाळायचे, तर मासळीबद्दल कळणार काय?

अहवालात चूक असेल तर काय बिघडतं?

बिघडतं, आणि त्याचा दाखला आपल्या वेशीवरच आहे. सिंधुदुर्गाला लागून, गोव्याच्या पेडणे तालुक्यात मोपाचं विमानतळ आहे. तेही जांभ्याच्या पठारावर. त्याला २०१५ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २९ मार्च २०१९ च्या निकालात न्यायालयाने मंजुरी स्थगित केली. कारण अर्जात आसपासची जंगलं आणि लगतच्या सिंधुदुर्गातली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं यांची माहिती नीट दिलेली नव्हती, आणि तज्ज्ञ समितीनेही ते नीट तपासलं नव्हतं. समितीला पुन्हा विचार करायला सांगितलं गेलं. जानेवारी २०२० मध्ये जादा अटींसह स्थगिती उठली आणि २०२३ च्या सुरुवातीला तिथून विमानं उडू लागली.

शेवटी विमानतळ झालंच, मग काय मिळालं, असं कुणी म्हणेल. विमानतळाच्या विरोधकांच्या बाजूने पाहिलं तर कमीच मिळालं. पण त्या निकालाने एक गोष्ट पक्की केली: कंपनीने खरी आणि पूर्ण माहिती देणं हा उपचार नाही. मंजुरी त्यावरच उभी आहे, आणि पाया कच्चा निघाला तर दिलेली मंजुरीही थांबते. 'तुमच्या अहवालात हे नाही' हे वाक्य, पुराव्यासह आणि वेळेत म्हटलं तर, कायद्यात वजनदार आहे.

सुनावणीत मतदान का नसतं?

गावागावांत सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. हजार माणसं जमली, सगळ्यांनी विरोध केला, तरी मंजुरी मिळाली, म्हणजे फसवणूक झाली अशी भावना होते. ती मला कळते. पण २००६ च्या अधिसूचनेत सुनावणीला मतदानाचं रूप दिलेलंच नाही. गणसंख्येची अटही नाही. दहा माणसं आली तरी सुनावणी होते. जिल्हाधिकारी, किंवा त्यांच्या वतीने किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, अध्यक्षस्थानी असतो. हजर असलेल्या प्रत्येकाला कंपनीला प्रश्न विचारायचा आणि खुलासा मागायचा हक्क असतो. सगळ्याचं चित्रीकरण होतं. शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो आणि त्यावर त्याच दिवशी सही व्हायला हवी. कंपनीने पुढे अंतिम अहवालात या मुद्द्यांची उत्तरं द्यायची आणि मग तो तज्ज्ञ समितीपुढे जातो.

थोडक्यात, तिथे डोकी मोजली जात नाहीत, मुद्दे नोंदवले जातात. 'प्रकल्प रद्द करा' ही हजार माणसांची घोषणा इतिवृत्तात एका ओळीत मावते. 'गट नंबर अमुकमधल्या झऱ्यावर चाळीस घरं अवलंबून आहेत आणि अहवालात तो झरा नाही' या एका वाक्याला मात्र कंपनीला स्वतंत्र उत्तर द्यावं लागतं.

जैतापूरचं बघा. ९९०० मेगावॉटच्या त्या अणुऊर्जा प्रकल्पाची सुनावणी १६ मे २०१० रोजी झाली, विरोध जोरदार होता, आणि २८ नोव्हेंबर २०१० रोजी ३५ अटींसह मंजुरी मिळाली. लोकांचा राग समजण्यासारखा होता. तरी त्या अटींकडे दुर्लक्ष करू नये. अटी निघतात त्या कुणीतरी नेमके प्रश्न उपस्थित केल्यावरच.

मला स्वतःला ही व्यवस्था अपुरी वाटते. ज्यांच्या विहिरी जाणार त्यांच्या 'नको'ला काही निर्णायक किंमत असायला हवी. पण ती व्यवस्था येईपर्यंत आहे ती नीट वापरायची की सोडून द्यायची, हा प्रश्न उरतोच.

मग सुनावणीवर बहिष्कार टाकला तर?

कधी संताप इतका असतो की सुनावणी उधळून लावावी असं वाटतं. त्याआधी अधिसूचनेतलं एक कलम माहीत असावं. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने मत मांडता येईल अशी सुनावणी घेणं शक्य नाही असा अहवाल यंत्रणेने दिला, तर सुनावणीविनाच पुढे जायचा निर्णय मंजुरी देणारं प्राधिकरण घेऊ शकतं. मंडप मोडला तर प्रकल्प थांबेलच असं नाही. नोंद मात्र कोरी राहू शकते.

'पोरं मुंबईला जातात, त्यांचं काय?'

हा आक्षेप पोटातून येतो आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. वाड्यांतली घरं बंद आहेत. गणपती आणि शिमगा सोडला तर तरुण दिसत नाहीत. आंबा बागायतदार हवामानाने हैराण, मच्छीमार घटत्या मासळीने. अशा वेळी कारखान्याला विरोध करणारा माणूस आपल्या पोराच्या पोटावर पाय देतोय असं एखाद्या बापाला वाटलं तर त्यात त्याचं चूक नाही.

देशालाही वीज, पोलाद, बंदरं लागणारच. मुद्दा आहे तो कुठे, कसं आणि कुठल्या अटींवर याचा. काही बाबतींत प्रगतीही झाली आहे. २०२५ मध्ये भारताच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-तेल-वायू सोडून इतर स्रोतांचा झाला. प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून मोठा आहे, तरी ही वाटचाल खरी आहे.

अटी माणसांनी धरून ठेवल्या तर काय होतं याचं मला सगळ्यात मोलाचं उदाहरण उत्तर कोकणात, डहाणूला दिसतं. चिकूच्या बागांचा हा तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. तिथे कोळशावर चालणारं औष्णिक वीज केंद्र होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी वर्षानुवर्षं त्याचं अध्यक्षपद सांभाळलं. चिमणीतून निघणाऱ्या धुरातला गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवा असा आदेश या प्राधिकरणाने दिला. कंपनीने बरीच वर्षं घेतली, स्थानिक लोकांनी आणि प्राधिकरणाने पाठपुरावा सोडला नाही, आणि अखेर २००७ मध्ये ती यंत्रणा बसली. देशातल्या बहुसंख्य कोळसा केंद्रांत तेव्हा ती नव्हती. वीज केंद्र बंद झालं नाही, नोकऱ्या गेल्या नाहीत.

याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये वाढवण बंदराला अटींसह हिरवा कंदील दिला, २०२४ मध्ये केंद्राची मंजुरीही झाली, आणि किनाऱ्यावरचे मच्छीमार त्याला विरोध करत राहिले. म्हणजे संस्था एकदा उभी राहिली की काम संपलं, असं होत नाही.

जिथे सुनावणीच होत नाही

काही दारं मुळातच बंद आहेत, हे ठाऊक असावं. ज्या औद्योगिक वसाहतीला आधीच पर्यावरण मंजुरी आहे तिच्या आत येणाऱ्या कारखान्याला वेगळी जनसुनावणी लागत नाही. पाच हेक्टरपर्यंतच्या लहान चिरेखाणी एकमेकींना लागून समूहात नसतील तर त्यांनाही साधारणपणे लागत नाही. सौरऊर्जेचे पॅनेल तर या मंजुरीच्या कक्षेबाहेरच आहेत. सौर वीज हवीच, पण ती सड्यावर पसरायची असेल तर खालच्या फुलांचा आणि झऱ्यांचा हिशेब कुणी विचारणार नाही.

यातून दुसरी अडचण निघते. प्रत्येक प्रकल्प एकटा तपासला जातो. एका खाडीवर पाच कारखाने, एका सड्यावर वीस चिरेखाणी. प्रत्येकाचा परिणाम कागदावर 'मर्यादित', सगळ्यांचा मिळून किती ते कुणी बेरीज करत नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी अशा एकत्रित परिणामांच्या अभ्यासावर भर दिला होता. सुनावणीत हा प्रश्न जरूर विचारावा: दहा किलोमीटरच्या परिघात आधीच मंजूर असलेले प्रकल्प कुठले, आणि त्यांच्यासह आकडा किती होतो?

आणखी एक चर्चा सध्या ऐकू येते ती 'आधी बांधा, मंजुरी मागाहून घ्या' या प्रकाराची. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये अशी मागाहून मंजुरी देणं बेकायदा ठरवलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. मला अल्पमतातलं म्हणणं पटतं. कारखाना उभा राहिल्यावर त्याची सद्यस्थिती कसली मोजणार?

हरकत लिहायची कशी

जाहिरात आल्यापासून सुनावणीपर्यंत किमान तीस दिवस मिळतात. या काळात अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात आणि ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेकडे पाहायला ठेवायचा असतो, आणि त्याचा सारांश मराठीत असायलाच हवा. मराठी सारांश मिळाला नाही तर पहिली हरकत तीच, आणि ती सुनावणीच्या दिवसाची वाट न पाहता लेखी द्यावी.

सारांश हातात आल्यावर आधी एकच गोष्ट शोधा: पाहणी कुठल्या महिन्यांत झाली. मग वनस्पती आणि प्राण्यांची यादी काढा आणि गावातल्या गुराख्याला, सुईणीला, चढणीचे मासे पकडणाऱ्याला वाचून दाखवा. यादीत काय नाही हे तेच सांगतील. शास्त्रीय नाव ठाऊक नसलं तर बिघडत नाही. गावातलं नाव, जागा, महिना आणि तारखेसह फोटो पुरे. आजकाल मोबाइलच्या फोटोत जागा आणि वेळ दोन्ही उमटतात. जुलैत सड्यावर फेरी मारून असे फोटो काढून ठेवणं हे कुठल्याही भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडेल, आणि त्यासाठी प्रकल्पाच्या जाहिरातीची वाट पाहू नये. झऱ्यांचंही तसंच. दर महिन्याला एक घागर भरायला किती वेळ लागतो ते वहीत लिहिलं तरी ती सद्यस्थितीची नोंद होते, जी अहवालात नसण्याची शक्यता दाट आहे.

हरकतीत अहवालाचा पान क्रमांक द्या, काय चुकलं किंवा राहिलं ते एका वाक्यात लिहा, पुरावा जोडा, आणि शेवटी मागणी स्पष्ट करा: पावसाळ्यातली पाहणी झाल्याशिवाय मंजुरीचा विचार करू नये. ती प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. सुनावणीच्या दिवशी तीच वाचून दाखवा, आणि शेवटी इतिवृत्त वाचलं जाईपर्यंत मंडपातून उठू नका. भाषणं झाली की लोक निघून जातात, आणि तुमचा मुद्दा नोंदला गेला की नाही हे त्या शेवटच्या अर्ध्या तासातच कळतं.

मंजुरी मिळालीच तर

मंजुरीला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात आव्हान देता येतं. पश्चिम विभागाचं पीठ पुण्याला आहे. मुदत तीस दिवसांची. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी साठ दिवस मिळू शकतात, त्यापुढे दार बंद. म्हणून मंजुरीचं पत्र केव्हा निघालं यावर लक्ष ठेवायला गावातल्या एखाद्या तरुणाने 'परिवेश' अधूनमधून उघडायची सवय ठेवावी.

न्यायाधिकरणात जायचं नसेल तरी अटींचं पत्र मिळवा आणि ग्रामपंचायतीत लावा. त्या अटी पाळल्या जात आहेत का याचा अहवाल कंपनीला वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. अधिसूचनेप्रमाणे हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत. साधा अर्ज करून कुणीही प्रत मागू शकतो. त्यातला डिसेंबरचा अहवाल आवर्जून मागवावा, कारण पावसाळ्याचे महिने त्यात येतात. पाण्याचे नमुने जुलै-ऑगस्टमध्ये घेतले की नाही, घेतले तर कुठल्या पऱ्यावर, हे त्यात पाहायचं आणि आपल्या वहीतल्या नोंदींशी ताडून घ्यायचं.